समान वाटणीसाठी कुठला अल्गोरिदम घ्यावा

आयटम अशा ग्रुपमध्ये वाटायचेत की प्रत्येक ग्रुपच्या वजनाची बेरीज जवळपास सारखी यावी, तर आधी एक बघ, तुझे सगळे आयटम सारख्याच वजनाचे आहेत का? असतील तर डोकं लावू नकोस, राउंड रॉबिन कर, म्हणजे प्रत्येक ग्रुपमध्ये आळीपाळीने एकेक टाकत जा, संपलं.

वजनं वेगवेगळी असतील तर मात्र हा प्रॉब्लेम एनपी-हार्ड आहे, म्हणजे दरवेळी परफेक्ट उत्तर झटपट देणारा अल्गोरिदम आजतरी कोणाकडे नाही, त्यामुळे तो शोधत बसू नकोस. ग्रीडीपासून सुरू कर: मोठ्यापासून लहानाकडे सॉर्ट करायचं आणि पुढचा आयटम ज्या ग्रुपची बेरीज सगळ्यात कमी त्यात टाकायचा. सॉर्ट विसरलास तर शेवटी एखादा मोठा आयटम येऊन सगळं बिघडवतो बघ. गणितज्ञ रोनाल्ड ग्रॅहमने 1969 मध्येच दाखवलंय की यात सगळ्यात जड ग्रुप बेस्ट उत्तराच्या 4/3 पटीच्या वर जात नाही.

पण 8, 7, 6, 5, 4 घे आणि दोन ग्रुप कर, ग्रीडी 17 आणि 13 देतो, खरं तर 15-15 होतं. करमरकर-कार्पची फरकाची पद्धत (सगळ्यात मोठे दोन आकडे वेगळ्या ग्रुपमध्ये ठरवून त्यांच्या जागी त्यांचा फरक ठेवत जायचं) 16-14 वर आणते, तीपण परफेक्ट नाहीच. आकडे छोटे पूर्णांक असतील आणि ग्रुप दोनच, तर सरळ डायनॅमिक प्रोग्रॅमिंग (कोणत्या बेरजा जमतात ते साठवत पुढे जायची पद्धत) लाव, अचूक उत्तर मिळेल. आणि प्रत्येक ग्रुपमध्ये आयटमची संख्यापण सारखी हवी असेल तर आधीच सांग, मग गणितच बदलतं.