टोपणनाव मिळणारच आहे

शाळेत नव्याने रुजू झालेल्या शिक्षकाने एक गोष्ट गृहीत धरावी, ती म्हणजे दिवाळीच्या सुट्टीपूर्वीच मुले आपले बारसे उरकतात. माझे नाव 'म्हणजेच सर' पडले. शेवटच्या बाकावरच्या एका मुलाची वही तपासताना मागच्या पानावर पाच-पाचच्या गठ्ठ्यांत मारलेल्या रेघा दिसल्या. एका तासात मी 'म्हणजेच' हा शब्द बासष्ट वेळा उच्चारला होता. मी रागावलो असतो, तर ते नाव निवृत्तीपर्यंत चिकटले असते. हसलो, तरीही चिकटलेच म्हणा, पण त्यातली बोच गेली. आपल्या नावाचा उगम शांतपणे शोधावा, कारण इतकी अचूक तपासणी कोणताही अधिकारी करत नाही.

मुलांनी एकमेकांना ठेवलेल्या नावांबाबत मात्र सावध राहावे. दिलीप वेंगसरकरांना 'कर्नल' म्हणतात किंवा नारायण श्रीपाद राजहंस 'बालगंधर्व' म्हणून ओळखले गेले, तेव्हा त्या नावांत कौतुक होते. 'काळ्या', 'जाड्या', 'बोबड्या' यांत ते नसते, आणि जातीवरून पाडलेले नाव तर पहिल्याच वेळी थांबवावे. हजेरी नेहमी खऱ्या नावानेच घ्यावी. एखादा मुलगा टोपणनावावर सर्वांबरोबर हसत असला तरी त्याला मधल्या सुट्टीत एकटे गाठून, "तुला काय म्हटलेले आवडेल?" असे विचारावे. उत्तर लगेच मिळेलच असे नाही. माझ्या एका विद्यार्थ्याने ते तीन आठवड्यांनी, वहीत चिठ्ठी घालून दिले.