साथ ओसरली, मग गोवर कुठून आला?

प्रश्न : माझी नात २०१९ च्या जुलैतली. नवव्या महिन्यातली गोवराची लस लॉकडाऊनमध्ये हुकली, ती राहूनच गेली. गाझात २५ वर्षांनी पोलिओचा रुग्ण सापडल्याचं वाचलं नि धास्ती बसली. युद्धानं, साथीनं दुसरेही आजार वाढतात का? नातीला आता लस चालेल का?
– एक आजी, चिपळूण

उत्तर : ताई, आधी नातीचं. चालेल, आणि द्याच. किमान चार आठवड्यांच्या अंतरानं दोन डोस. कार्ड घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे जा. शाळेत जायला लागली म्हणून उशीर झाला असं मुळीच नाही.

माझी नोकरी कोकणातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात झाली, त्यामुळे ही लस कशी हुकते ते जवळून पाहिलंय. गोवर-रुबेलाची लस भुकटीच्या रूपात येते. द्रव मिसळला की चार तासांत वापरायची, उरलेली टाकून द्यायची. म्हणून सत्राचा दिवस ठरलेला असतो आणि आशाताई आदल्या दिवशी घरोघर सांगून येते. २०२० च्या एप्रिलमध्ये त्याच आशाताईच्या हाती मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांची यादी आली. अंगणवाडी बंद, एसटी बंद, आणि तान्ह्या बाळाला दवाखान्यात न्यायची आयांना भीती. दोष द्यायचा तरी कुणाला?

लस न घेतलेल्या वस्तीत गोवराचा एक रुग्ण बारा ते अठरा जणांना आजार देऊ शकतो. तो आवरायला शंभरातल्या पंच्याण्णव मुलांना दोन्ही डोस हवेत. हुकलेली मुलं साठत गेली नि २०२२ च्या अखेरीस मुंबईत, गोवंडीच्या दाट वस्तीत, गोवर उसळला. लेकरं दगावली. टाळता येण्यासारखे मृत्यू होते ते, म्हणून अजून सलतात.

क्षयाचं उलटं दिसलं. देशात २०१९ मध्ये सुमारे २४ लाख रुग्णांची नोंद झाली होती, २०२० मध्ये १८ लाखांची. रोग घटला नव्हता, रुग्ण सापडत नव्हते. औषधावाचून घरात खोकत राहिलेला माणूस शेजारी झोपणाऱ्यालाच आजार देतो.

युद्धात याच्या जोडीला पाणी नि गटारं जातात. गाझात २०२२ मध्ये पोलिओचं लसीकरण ९९ टक्के होतं. २०२४ च्या सुरुवातीला ते नव्वदच्या खाली आलं. त्या उन्हाळ्यात सांडपाण्यात विषाणू सापडला आणि ऑगस्टमध्ये दहा महिन्यांच्या बाळाचा पाय लुळा पडल्याचं निश्चित झालं. सप्टेंबरमध्ये ठरावीक तास लढाई थांबवून साडेपाच लाखांवर मुलांना डोस पाजले. बॉम्ब पडत असताना ते जमलं, ताई. आपल्याकडे तर रस्ता मोकळा आहे.

शेजारपाजारच्या त्याच वयाच्या मुलांचीही कार्डं बघा. कुणाला तापासोबत पुरळ आलं, तर नुसता लिंबाचा पाला उशाशी ठेवून घरी बसवू नका. त्याच दिवशी आशाताईला कळवा नि केंद्रात न्या. गोवरात अ जीवनसत्त्वाचे दोन डोस लागोपाठ दोन दिवस देतात, त्यानं डोळे नि जीव दोन्ही वाचायला मदत होते.