तीनशे पाच लिहायला सांगितलं की ३००५

“पाढे पंधरापर्यंत घडाघडा म्हणतो, पण तीनशे पाच लिही म्हटलं की ३००५ लिहितो. त्याला डिस्कॅल्क्युलिया तर नसेल ना?” तिसरीतल्या मुलाच्या आईची ही काळजी. डिस्कॅल्क्युलिया म्हणजे आकडे आणि गणित समजण्यातली अध्ययन अक्षमता. असे पालक बरेच येतात.

मूल ‘तीनशे’ ऐकतं, ३०० लिहितं. ‘पाच’ ऐकतं, पुढे ५ लिहितं. म्हणजे ऐकलं तसंच लिहिलं. एवढ्यावरून अध्ययन अक्षमतेचा शिक्का मारता येत नाही. आधी बघायचं ते त्याला दशक कळलाय का.

त्याला ३४ काड्या मोजायला दिल्या. त्याने आकडा बरोबर लिहिला. यातल्या ४ म्हणजे किती काड्या? चार काढून दिल्या. आणि ३ म्हणजे? तीनच उचलल्या. सत्तावीस काड्या टेबलावर तशाच पडलेल्या. “मग या कुणाच्या?” म्हटल्यावर तो आईकडे बघू लागला. वहीत मात्र ‘दशक ३, एकक ४’ लिहिलेलं आणि त्यावर बाईंची बरोबरची खूण! रकाने भरायला स्थानिक किंमत कळावी लागत नाही, ही खरी गोम आहे.

घरी करायला दिलं ते असं. आइस्क्रीमच्या काड्या आणि रबरबँड घ्यायचे. दहा सुट्ट्या झाल्या की गठ्ठा; गठ्ठा मुलानेच बांधायचा. तयार गठ्ठे हातात दिले तर ते त्याच्या लेखी एकच वस्तू राहतात. दहा गठ्ठे झाले की त्यांचा मोठा जुडगा, म्हणजे शतक.

मग कागदाच्या पट्ट्या. शतकाची पट्टी तीन घरांची (३००), दशकाची दोन घरांची (४०), एककाची एका घराची (५). उजव्या कडा जुळवून एकीवर एक ठेवायच्या. ३०० वर ५ ठेवला की शेवटचं शून्य झाकतं, ३०५ दिसतं. पट्टी उचलली की खालचं शून्य पुन्हा दिसतं. ३००५ लिहिण्यावर याच्याइतका चांगला उपाय नाही.

आपल्या संख्यानामांचाही त्रास असतो. त्रेपन्नमध्ये तीन आधी ऐकू येतात, म्हणून ३५ लिहिलं जातं. एकोणसाठमध्ये ‘साठ’ ऐकून ६९. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात ‘पन्नास तीन’ अशी वाचनाची पद्धत दिली तेव्हा तिची भरपूर टिंगल झाली. शिकताना मात्र ती कामाची आहे. त्रेपन्न म्हणा, लगेच ‘पन्नास आणि तीन’ म्हणा, मग लिहू द्या.

वजाबाकी घाईने घेऊ नका. ३०४ − १२८ मध्ये मधल्या शून्यापाशी मुलं अडतात, कारण ‘शेजारच्याकडून घे’ एवढंच पाठ असतं आणि शेजारी तर काहीच नाही. काड्यांनी करा: एक जुडगा सोडला की दहा गठ्ठे, त्यातला एक सोडला की दहा सुट्ट्या. आता २ शतक, ९ दशक, १४ एकक. उत्तर १७६.

रोज दहा-पंधरा मिनिटं पुरतात. दोनेक महिने नेमाने करूनही ७ आणि ९ मधली मोठी संख्या चटकन सांगता येत नसेल, ८ मध्ये २ मिळवताना दरवेळी एकपासून बोटं मोजावी लागत असतील, तर तज्ज्ञांकडून चाचणी करून घ्या.