पाचवीची वार्षिक परीक्षा आणि प्रगतिपत्रकातील श्रेणी

प्रश्न : माझी मुलगी यंदा पाचवीत आहे. आतापर्यंत तिच्या प्रगतिपत्रकात ब-2 ही श्रेणी येत असे आणि ती पुढच्या वर्गात जात असे. या वर्षी नापास झाल्यास तिला त्याच वर्गात बसावे लागेल, असे शाळेने सांगितले आहे. हे खरे आहे का?
– एक पालक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : होय, परंतु लगेच नव्हे. शिक्षणहक्क कायदा, 2009 नुसार आठवीपर्यंत कोणालाही मागे ठेवता येत नसे. 2019 च्या दुरुस्तीने राज्यांना पाचवी व आठवीसाठी वेगळा निर्णय घेण्याची मुभा मिळाली आणि महाराष्ट्राने 2023-24 पासून या दोन इयत्तांना वार्षिक परीक्षा लागू केली. अनुत्तीर्ण विद्यार्थ्याला जादा मार्गदर्शन देऊन निकालानंतर दोन महिन्यांच्या आत पुनर्परीक्षेची संधी द्यावी लागते, आणि तीतही यश न आल्यासच त्याला त्याच वर्गात ठेवले जाते. शाळेतून मात्र काढता येत नाही.

ब-2 म्हणजे 61 ते 70 टक्के. या श्रेणीत तोंडी काम, प्रकल्प, स्वाध्याय यांचे आकारिक मूल्यमापन आणि सत्राअखेरचे संकलित मूल्यमापन, दोन्ही मिसळलेले असते; त्यामुळे प्रकल्पात उत्तम असलेले मूल भागाकारात अडखळत असले, तरी एकत्रित श्रेणीवरून ते कळत नाही. माझ्या मते पालकांनी श्रेणीवर समाधान मानू नये. वर्गशिक्षकांना भेटून विषयवार नोंदी आणि तपासलेल्या उत्तरपत्रिका आवर्जून पाहाव्यात, आणि हे दिवाळीच्या सुट्टीपूर्वीच करावे, कारण उन्हाळ्यात, नागपूरच्या त्या कडक उन्हात, पुनर्परीक्षेची तयारी करणे दहा वर्षांच्या मुलीला फार जड जाते.