स्केचबुकं आधी परत करा

प्रश्न : मी सांगलीत बांधकाम ठेकेदार आहे. मुलगी बारावी सायन्सला आहे, दहावीला ९१ टक्के होते. तिला आर्किटेक्चरला जायचंय, पण मी सिव्हिल इंजिनिअरिंग ठरवलंय. आर्किटेक्ट नुसती चित्रं काढतो, इमारत इंजिनिअर उभी करतो. अभ्यासात लक्ष राहावं म्हणून तिची स्केचबुकं सध्या मी कपाटात ठेवली आहेत. आपण तिला समजवावं. – एक पालक

उत्तर : मुलीला समजवायचं काम मी करणार नाही. तिच्या मार्कांची मला अजिबात चिंता नाही. चिंता आहे ती कपाटात ठेवलेल्या स्केचबुकांची. बारावीच्या वर्षात मुलांवर आधीच ताण असतो. त्यात जिवाभावाची गोष्ट काढून घेतली की मूल अभ्यासाला लागत नाही, घरात बोलायचं बंद होतं. तुमच्या पत्रात तिचं स्वतःचं म्हणणं एका ओळीपुरतंच आहे, तेही तुमच्या शब्दांत. स्केचबुकं आजच तिच्या हातात द्या.

आता ‘नुसती चित्रं’. नकाशा मंजूर होऊन आला की तुमचं काम सुरू होतं, त्यामुळे त्याआधीचे महिने तुम्हाला दिसत नाहीत. तुमच्याच गावातला नदीकाठचा प्लॉट घ्या. पहिल्याच बैठकीत पूररेषेचा विषय निघतो. निळ्या रेषेच्या, म्हणजे मोठ्या पुराच्या हद्दीच्या, आत आहे का? त्याहूनही मोठ्या, क्वचित येणाऱ्या पुराची लाल रेषा कुठून जाते? तळमजल्यावर फक्त पार्किंग ठेवायचं ठरतं. लगेच इलेक्ट्रिकल कन्सल्टंट म्हणतो, मीटर रूम वर घ्या. २०१९च्या पुरात काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय. ती वर गेली की जिन्याजवळची जागा खाते, म्हणून आर्किटेक्ट जिना फिरवतो. जिना फिरला की आर.सी.सी. कन्सल्टंटचे, म्हणजे इमारतीच्या सांगाड्याचा हिशेब करणाऱ्या इंजिनिअरचे, कॉलम सरकतात. दोन कॉलमांत तीन गाड्या बसवायच्या तर साडेसात मीटर मोकळे लागतात, तेवढ्या अंतराला बीम खोल होतो, म्हणजे छतातून जास्त खाली उतरतो, आणि पार्किंगची उंची पुन्हा मोजावी लागते. त्यातच पाण्याने फुगणाऱ्या आणि सुकली की आकसणाऱ्या काळ्या मातीचा तपासणी अहवाल येतो आणि पायाचा विचार बदलतो. हे सगळं ट्रेसिंग पेपरवर, सगळ्यांनी एका टेबलाशी बसून, पुन्हा पुन्हा खोडत चालतं. इथे आर्किटेक्टही लागतो आणि इंजिनिअरही. आपलं मत धीटपणे मांडणारी आणि समोरच्याचं पटलं तर स्वतःची रेघ खोडणारी माणसं लागतात. घरात जिचं म्हणणं कोणी विचारत नाही, ती मुलगी सिव्हिलला जाऊनही त्या टेबलाशी गप्पच बसेल.

परीक्षांचं सोपं आहे. बी.आर्क. पाच वर्षांचं, त्यासाठी नाटा ही आर्किटेक्चरची प्रवेश परीक्षा किंवा जेईई मेनचा आर्किटेक्चरचा पेपर, सिव्हिलला सीईटी. दोन्हीकडचे फॉर्म भरू द्या.

बारावीची परीक्षा झाली की तिला तुमच्या ओळखीच्या एखाद्या आर्किटेक्टच्या ऑफिसात आणि एखाद्या आर.सी.सी. कन्सल्टंटकडे थोडे थोडे दिवस बसवा. नवीन कामाच्या बैठका चालू असतील असंच ऑफिस पाहा. तुम्ही सोबत जाऊ नका. त्यानंतर तिला सिव्हिल आवडलं तर उत्तमच. नाही आवडलं, तर पाच वर्षांच्या फीची तजवीज करायला लागा.