परवाना टेक्ससचा, रस्ता न्यू जर्सीचा

वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेली बरीच पत्रं एकाच विषयावर आहेत. अमेरिकेतल्या एका राज्यानं अंगावर झाकून पिस्तूल बाळगायचा परवाना दिला, तर तो दुसऱ्या राज्यात कुठवर चालतो? त्यातले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : मी डॅलसला राहतो. ग्रीन कार्ड आहे, टेक्ससचं लायसन्स टू कॅरी, म्हणजे पिस्तूल बाळगायचा परवानाही आहे. नाताळात गाडीनं न्यू जर्सीत एडिसनला भावाकडे जायचं आहे. वाटेतली बहुतेक राज्यं टेक्ससचं लायसन्स मानतात असं ऐकलं. पिस्तूल कमरेला लावूनच निघालो तर चालेल का?

नाही. या प्रवासात पिस्तूल घरच्या तिजोरीतच ठेवा, असा आमचा स्पष्ट सल्ला आहे.

ड्रायव्हिंग लायसन्स देशभर चालतं, म्हणून हेही चालेल असं वाटणं साहजिक आहे. पण पिस्तूल बाळगण्यासाठी सगळ्या राज्यांवर बंधनकारक असा मान्यतेचा कायदा नाही. कोणाचा परवाना मानायचा हे प्रत्येक राज्य स्वतः ठरवतं. आर्कान्सा आणि टेनेसी टेक्ससचा परवाना मानतात. पुढे इंटरस्टेट ८१ धरलात की वेस्ट व्हर्जिनियानंतर हेगर्सटाउनजवळ जेमतेम १२ मैल मेरीलँड लागतं, आणि मेरीलँड बाहेरच्या कोणत्याही राज्याचा परवाना मानत नाही. न्यू जर्सीचंही तेच. तेव्हा वाटेतली ‘बहुतेक’ राज्यं मानतात यावर विसंबून चालणार नाही. न मानणारं एक राज्य अटकेला पुरेसं आहे, आणि इथे तर मुक्कामाचंच राज्य मानत नाही.

१९८६ च्या केंद्रीय कायद्यात वाटसरूंसाठी एक संरक्षण आहे. निघायच्या आणि पोहोचायच्या, दोन्ही ठिकाणी ते पिस्तूल जवळ ठेवणं आणि बाळगणं तुमच्यासाठी कायदेशीर असेल, तर मधल्या राज्यांतून ते नेता येतं. त्यासाठी पिस्तूल रिकामं हवं, आणि पिस्तूल व काडतुसं दोन्ही बसायच्या जागेतून हाताला लागणार नाहीत अशी ठेवायला हवीत. ट्रंक (डिकी) वेगळी असेल तर ट्रंकेत. एसयूव्ही किंवा मिनीव्हॅनला वेगळी ट्रंक नसते, म्हणून तिथे कुलूपबंद पेटी लागते. ग्लोव्ह बॉक्स आणि दोन सीटांमधला कन्सोल कुलूप लावूनही चालत नाहीत. या दोन जागा कायद्यानं नाव घेऊन वगळल्या आहेत, आणि लोक नेमके तिथेच पिस्तूल ठेवतात. तुमच्या बाबतीत मात्र पेटी कितीही नीट भरलीत तरी अडचण राहते. तुम्ही न्यू जर्सी ओलांडून पुढे जात नाही, तिथेच उतरता आणि तिथला परवाना तुमच्याकडे नाही.

वाटेत मुक्काम करण्यातही धोका आहे. २००५ साली युटाच्या एका प्रवाशाचं पुढचं विमान न्यू जर्सीतल्या नेवार्कला चुकलं. चेक-इन केलेली बॅग त्याच्या हाती परत आली, ती घेऊन तो रात्री हॉटेलात राहिला आणि सकाळी विमानतळावर पिस्तूल जाहीर करताच त्याला अटक झाली. २०१० मध्ये केंद्रीय अपील न्यायालयानं सांगितलं की हॉटेलात पिस्तूल त्याच्या हाताशी होतं, त्यामुळे १९८६ चं संरक्षण त्याला मिळत नाही. विमान चुकून नेवार्क किंवा न्यू यॉर्कच्या जेएफके विमानतळावर अडकलात तर पिस्तुलाची बॅग ताब्यात घेऊ नका. ती कंपनीच्याच ताब्यात ठेवून पुढच्या विमानाचा टॅग लावायला विमान कंपनीला सांगा.

न्यू जर्सीत परवान्याविना हँडगन जवळ असणं हा दुसऱ्या श्रेणीचा गुन्हा आहे. शिक्षा ५ ते १० वर्षं, आणि त्यातले किमान ४२ महिने पॅरोलशिवाय, हा कायद्याचा मूळ नियम. २०१३ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या फिलाडेल्फियाच्या एका महिलेला न्यू जर्सीत पोलिसांनी रस्त्यात थांबवलं. पिस्तूल आणि पेनसिल्व्हेनियाचा परवाना असल्याचं तिनं आपणहून सांगितलं, तरी अटक झाली. तिला २०१५ मध्ये गव्हर्नर ख्रिस ख्रिस्ती यांनी माफी दिली. प्रामाणिकपणे सांगितलं म्हणून गुन्हा पुसला जात नाही.

आता तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं. अमेरिकी नागरिकाला तुरुंगाची भीती असते, ग्रीन कार्डधारकाला देश सोडावा लागण्याचीही. इमिग्रेशन कायद्यानुसार बंदूक बेकायदा बाळगल्याचा दोष सिद्ध झाला, मग तो कोणत्याही राज्याच्या कायद्याखाली असो, तर हद्दपारीची कारवाई होऊ शकते. गुन्हा कबूल करून घेतलेली सौम्य तडजोडही इमिग्रेशनच्या लेखी दोषसिद्धी ठरू शकते. म्हणून अटक झालीच तर काहीही कबूल करण्याआधी वकिलाला ‘मी ग्रीन कार्डवर आहे’ हे सांगा. अशा तडजोडीतला हद्दपारीचा धोका अशिलाला समजावणं हे वकिलाचं कर्तव्य आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्येच ठरवून दिलं आहे.

प्रश्न : मी न्यू जर्सीत राहतो. इथला परवाना काढणं कटकटीचं आहे. युटाचा अनिवासी परवाना काढला की तीसेक राज्यांत चालतो म्हणे. मग तोच काढावा का?

युटा अनिवासींना परवाना देतं, हे खरं. प्रशिक्षण मात्र युटानं मान्यता दिलेल्या प्रशिक्षकाकडूनच घ्यावं लागतं. पण तो परवाना न्यू जर्सीत, म्हणजे तुमच्या दारातच, चालणार नाही. शिवाय कोलोरॅडो आणि मिशिगन बाहेरचा परवाना मानतात तो त्या राज्याच्या रहिवाशाकडे असेल तरच. युटाचा परवाना आणि न्यू जर्सीचं ड्रायव्हिंग लायसन्स एकत्र दाखवलंत की तिथे तुमच्याकडे परवाना नाही असंच धरलं जातं. कोणाचा परवाना कुठे चालतो ते दाखवणाऱ्या नकाशावर ‘मान्य’ असा रंग दिसला तरी खालची तळटीप वाचा. ‘फक्त रहिवासी’ आणि ‘वय २१ पूर्ण’ या अटी तिथेच असतात.

घर बदललं तरी हाच घोळ होतो. नव्या राज्यात स्थायिक झालात की तुम्ही तिथले पाहुणे राहत नाही. फ्लोरिडा नव्या रहिवाशाचा जुना परवाना ९० दिवस चालवून घेतं. सगळीच राज्यं अशी मुदत देतील असं धरू नका.

प्रश्न : ऑस्टिनहून कोलोरॅडोला रॉकी माउंटन नॅशनल पार्क पाहायला जातोय. कोलोरॅडो टेक्ससचा परवाना मानतं. आणखी काय पाहायचं?

परवाना मानला म्हणजे टेक्ससचे नियम तुमच्यासोबत आले, असं नाही. कोलोरॅडोत शिरताच कोलोरॅडोचा कायदा लागू होतो.

आधी मॅगझीन, म्हणजे पिस्तुलातला काडतुसं भरायचा खाना, पाहा. २०१३ पासून तिथे १५ पेक्षा जास्त काडतुसांच्या मॅगझीनवर बंदी आहे. ग्लॉक १९ या पिस्तुलाचं नेहमीचं मॅगझीन १५ चं, ते चालतं. ग्लॉक १७ चं १७ चं, ते चालत नाही. परवाना खिशात असूनही मॅगझीनपायी गुन्हा होतो. बॅगेतलं जादा मॅगझीनही तपासून घ्या.

डेन्व्हर शहराच्या बागांत आणि शहराच्या इमारतींत झाकलेलं पिस्तूलही चालत नाही. जानेवारी २०२५ पासून कोलोरॅडोत गाडी सोडून जाताना हँडगन कुलूपबंद टणक पेटीत, नजरेआड आणि गाडी लॉक करून ठेवावी लागते. सीटखाली सरकवलेलं चालत नाही.

राष्ट्रीय उद्यानांत २०१० पासून त्या राज्याचाच कायदा चालतो, त्यामुळे वाटेवर पिस्तूल बाळगता येतं. पण व्हिजिटर सेंटर ही केंद्रीय इमारत आहे. दारावर पाटी असते, आत शस्त्र नेता येत नाही.

शाळांचा केंद्रीय नियम तर फारच थोड्यांना ठाऊक असतो. शाळेच्या आवारापासून १,००० फुटांच्या आत, सार्वजनिक रस्त्यावरही, बंदूक नेण्यास मनाई आहे. परवानाधारकाला सूट आहे, पण ती परवाना त्याच राज्यानं दिलेला असेल तर. दुसऱ्या राज्यानं दिलेला आणि इथे नुसता मानला जाणारा परवाना या सवलतीत बसत नाही, असा केंद्रीय यंत्रणा एटीएफचा अर्थ आहे. परवान्याविना बाळगू देणाऱ्या राज्यांतही हाच प्रश्न येतो. वस्तीतून जाताना पिस्तूल रिकामं करून कुलूपबंद पेटीत ठेवलं की या नियमाची सूट मिळते.

पोलिसांनी थांबवलं तर काय करायचं, तेही राज्यागणिक बदलतं. मिशिगनमध्ये पिस्तूल असल्याचं लगेच स्वतःहून सांगावं लागतं. टेक्ससमध्ये ओळखपत्र मागितलं की त्यासोबत परवाना दाखवायचा. कुठेही असलात तरी हात स्टिअरिंगवर ठेवा आणि सांगितल्याशिवाय कशालाही हात लावू नका.

प्रश्न : देशभर एकच परवाना चालेल असा कायदा झाला ना?

नाही. तसं विधेयक ६ डिसेंबर २०१७ रोजी प्रतिनिधिगृहात २३१ विरुद्ध १९८ मतांनी मंजूर झालं, सिनेटमध्ये झालं नाही. २०२५ मध्ये ते पुन्हा मांडलं गेलं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०२२ च्या ब्रुएन निकालामुळे न्यू यॉर्कसारख्या राज्यांना परवान्यासाठी ‘खास कारण’ मागता येत नाही, पण दुसऱ्या राज्याचा परवाना माना असं त्या निकालात कुठेही म्हटलेलं नाही.

प्रश्न : माझं ग्रीन कार्ड आहे, बायको अजून एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आहे, भाऊही. दोघांना रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या सरावाला, घेऊन जाऊ का?

नेऊ नका. नॉनइमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या मुक्कामाच्या, व्हिसावर असलेल्यांना बंदूकच काय, काडतूसही जवळ ठेवायला केंद्रीय कायद्यानं मनाई आहे. एच-१बी, एच-४, एफ-१ आणि भेटीला आलेले आईवडीलही त्यात येतात. रेंजवर भाड्यानं घेतलेलं पिस्तूल तासभर हातात धरणं हेही जवळ बाळगणंच. कमाल शिक्षा १५ वर्षं. राज्याचा वैध शिकार परवाना असणाऱ्याला अपवाद आहे, पण त्याचा आधार घेण्याआधी इमिग्रेशन वकिलाला विचारा.

घरातही काळजी घ्या. तिजोरीचा आकडा किंवा किल्ली बायकोकडे असेल तर पिस्तूल तिच्याही ताब्यात आहे असं सरकार म्हणू शकतं. आकडा फक्त तुम्हालाच माहीत असू द्या आणि पिस्तूल तिच्या गाडीत कधीही विसरू नका.

प्रश्न : रेंजला नेतो तीच बॅग पुण्याला नेली तर?

दुसरी बॅग घ्या. कप्प्याच्या शिवणीत अडकलेलं एकच काडतूस मुंबई किंवा दिल्लीच्या तपासणीत सापडलं, तर शस्त्र अधिनियम १९५९ खाली गुन्हा नोंदला जाऊ शकतो. जाणीवपूर्वक ताबा असल्याशिवाय गुन्हा होत नाही, असं भारताच्या सर्वोच्च न्यायालयानं १९७२ मध्ये म्हटलं आहे आणि त्या आधारावर अशी प्रकरणं रद्दही होतात. पण तोवर सुट्टी पोलीस ठाण्यात आणि कोर्टात जाते. टेक्ससचा परवाना भारतात दाखवून काही उपयोग नाही. दुसरी बॅग नसेलच तर तीच उलटी करून झटका, प्रत्येक चेन उघडा आणि अस्तराखाली बोट फिरवून पाहा.