शिलाँगला गाणं ऐकायचं असेल तर तारखेआधी वार बघा

प्रश्न असा आहे : "नोव्हेंबरात आम्ही चौघं शिलाँगला जातोय. सोबत सासूबाई आहेत, त्यांना गाण्याची खूप आवड. सोमवारी पोहोचून गुरुवारी परत असं ठरतंय, तिकिटं अजून काढलेली नाहीत. त्या दिवसांत तिथे लाइव्ह संगीताचे कोणते कार्यक्रम आहेत, हे कुठे कळेल?"

तिकिटं काढली नाहीत हे फार बरं झालं. आधी तो सोमवार ते गुरुवार बदला. शुक्रवारी दुपारपर्यंत शिलाँगात शिरा आणि मंगळवारी निघा. बाकी काही जमलं नाही तरी चालेल, पण शुक्रवारची रात्र, शनिवारची रात्र आणि रविवारची सकाळ या तीन वेळा तुमच्या हातात हव्यात. त्या गावातलं बहुतेक गाणं याच तीन वेळांत होतं.

बँकेतल्या बदलीमुळे मी तिथे साडेतीन वर्षं राहिले. मूळची मिरजेची, त्यामुळे गाणं म्हणजे दर्ग्यातल्या उरुसात खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या स्मरणार्थ होणारा संगीतोत्सव. तारीख ठरलेली, पत्रिका छापलेली, रात्रभर सतरंजीवर बसायचं. शिलाँगलाही तसंच असेल असं धरून चालले होते. पहिल्याच आठवड्यात एका मंगळवारी इंटरनेटवरची यादी बघून पोलीस बाजार या तिथल्या मुख्य बाजारपेठेतलं एक ठिकाण शोधत गेले, तर आत खुर्च्या उलट्या करून टेबलांवर ठेवलेल्या. फरशी पुसणाऱ्या मुलाने सांगितलं, "शनिवारी या, कॉंग." कॉंग म्हणजे आपल्याकडची ताई, पुरुषांना बाह म्हणतात. हे दोन शब्द आणि 'खुब्लेई' एवढं पाठ करून जा. खुब्लेई म्हणजे नमस्कारही आणि धन्यवादही.

तर यादीचं उत्तर असं की छोट्या कार्यक्रमांची महिनाभर आधी यादी मिळत नाही. कोण गाणार हे त्या त्या कॅफेच्या इन्स्टाग्रामवर बहुतेक वेळा गुरुवार-शुक्रवारी येतं. कधी तेही येत नाही, दारावर खडूने लिहिलेलं असतं. म्हणून निघण्याच्या आठवड्यात तीन-चार ठिकाणांना सरळ फोन करा आणि विचारा : शनिवारी कोण आहे, किती वाजता, टेबल राखून ठेवता का. माझ्या अनुभवात यासाठी वेगळं तिकीट क्वचितच असायचं. जेवण मागवायचं आणि ऐकत बसायचं.

आता ठिकाणांची नावं सांगते. लाइतुमख्रा भागातलं कॅफे शिलाँग हे जुनं नाव. आमच्या ऑफिसातली अर्धी मंडळी शनिवारी तिथेच भेटायची. धानखेतीला डिलन्स कॅफे आहे, अमेरिकन गायक बॉब डिलनच्या नावाने चालणारं, भिंतीभर त्याच्या खुणा. पोलीस बाजाराच्या तोंडावर सेंटर पॉइंट हॉटेल आहे, त्याच्या वरच्या मजल्यावर क्लाउड नाइन. तिथून रात्रीचं गाव छान दिसतं, पण ते बार आहे आणि आवाज मोठा असतो. सासूबाई सोबत असताना मी पहिल्या दोन ठिकाणांपैकी एक निवडेन.

डिलनच का, तर त्यामागे एक माणूस आहे : लू माजॉ. शिलाँगचा हा गायक 1972 पासून दरवर्षी 24 मेला बॉब डिलनचा वाढदिवस गाऊन साजरा करत आला आहे. केस पांढरे झाले तरी अर्धी चड्डी, हातात गिटार आणि अंगात विशीतल्या पोराची ताकद. तुमचा प्रवास मे महिन्यात असता तर तारखेबद्दल मी वेगळं बोलले असते, कारण शिलाँगच्या वर्षातली ही एक तारीख पक्की आहे. सोलमेट हेही नाव लक्षात ठेवा. रूडी वॉलांग आणि टिप्रिती खारबंगार यांनी 2003 मध्ये सुरू केलेला हा ब्लूज बँड पुढे अमेरिकेत मेम्फिसच्या आंतरराष्ट्रीय ब्लूज स्पर्धेपर्यंत गेला. ते कुठेही गाणार असल्याचं कळलं तर बाकीचा बेत मोडून जा. टिप्रितीचा आवाज समोर बसून ऐकला तेव्हा मी हातातला चहा तसाच थंड होऊ दिला होता.

मोठ्या कार्यक्रमांची गोष्ट निराळी. त्यांचा गाजावाजा महिनोन् महिने आधी होतो आणि तिकिटं ऑनलाइन मिळतात. ब्रिटिश गायक एड शीरन 30 जानेवारी 2025 ला पुण्यात गायला आणि त्याच दौऱ्यात 12 फेब्रुवारीला शिलाँगच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर. त्याआधी डिसेंबर 2024 मध्ये त्याच स्टेडियमवर ब्रायन ॲडम्स येऊन गेला. पुण्यात 2010 साली सुरू झालेला एनएच7 वीकेंडर हा संगीत महोत्सवही 2015 पासून काही वर्षं मेघालयात भरायचा. तुम्ही नोव्हेंबरात जाताय म्हणजे चेरी ब्लॉसम महोत्सव गाठू शकता. तिथली चेरी वसंतात नाही, नोव्हेंबरात फुलते, आणि त्या सुमारास राज्य सरकार हा महोत्सव भरवतं; 2024 ला एकॉन आणि बोनी एम आले होते. तारखा मेघालय पर्यटन खातं जाहीर करतं, तेवढ्या बघून घ्या. महोत्सवाच्या दिवसांत हॉटेलं भरलेली आणि महाग असतात, आणि गुवाहाटीचा रस्ता तुंबतो. सासूबाईंना तासन् तास उभं राहणं जमणार नसेल तर मी तो आठवडा टाळून पुढचा धरेन. झाडांवर फुलं असतील आणि कॅफेत जागाही मिळेल.

मला खरं सांगायचंय ते रविवारच्या सकाळबद्दल. तुम्ही ही सकाळ कार्यक्रमात धरलीच नसेल.

वेल्श मिशनरी 1841 मध्ये सोहरात, म्हणजे आपण ज्याला चेरापुंजी म्हणतो तिथे, पोहोचले. त्यांनी खासी भाषेला रोमन लिपी दिली आणि चार आवाजांत गायची पद्धत दिली. शिलाँगात माझ्या शेजारी राहणाऱ्या आजींनी एकदा त्यांचं चर्चचं गाण्याचं पुस्तक दाखवलं. मी पाच रेघांवरच्या ठिपक्यांची वाट बघत होते, तर पानावर नुसती अक्षरं : डो, रे, मी यांची आद्याक्षरं, मध्ये विरामचिन्हं, आणि एकाखाली एक चार ओळी. चार ओळी म्हणजे चार आवाज. सूर लिहायच्या या पद्धतीत 'डो' एका जागी बांधलेला नसतो. गाणाऱ्यांच्या गळ्याला सोसेल तिथे तो ठेवतात आणि बाकीचे सूर त्याच्यावर मोजतात. मी आजींना म्हटलं, आमचा 'सा' असाच असतो. त्यांनी ओळीवर बोट ठेवून वरची ओळ म्हटली, मला खालची म्हणायला लावली, आणि दोनदा चुकल्यावर तिसऱ्यांदा जमलं. त्या दोन सुरांचं एकमेकांवर टेकणं मी आयुष्यात पहिल्यांदा आतून ऐकलं. आपल्याकडे एकट्याच्या गळ्याला केवढं महत्त्व! शेजारच्याचा वेगळा सूर ऐकत आपला सूर धरून ठेवायचा, ही सवय तिथल्या मुलांना पाचव्या-सहाव्या वर्षापासून लागते. शनिवारी कॅफेत गिटार घेऊन बसणारी कितीतरी पोरं रविवारी सकाळी क्वायरमध्ये, म्हणजे चर्चच्या गायनवृंदात, उभी असतात.

2001 मध्ये नील नाँगकिनरिह यांनी उभं केलेलं शिलाँग चेंबर क्वायर याच मातीतलं. 2010 मध्ये 'इंडियाज गॉट टॅलेंट' ही टीव्हीवरची स्पर्धा जिंकून त्यांनी घराघरांत नाव केलं, आणि त्याच वर्षी चीनमध्ये झालेल्या जागतिक क्वायर स्पर्धेत तीन सुवर्णपदकं आणली. नील 2022 च्या जानेवारीत गेले. क्वायर गातं आहे. पण त्यांचे दौरे देशभर असतात, त्यांच्यासाठी शिलाँगला जाऊन बसू नका. त्याऐवजी मावखरचं प्रेस्बिटेरियन चर्च किंवा लाइतुमख्राचं निळं कॅथेड्रल गाठा. प्रार्थनेच्या वेळा आदल्या दिवशी विचारून ठेवा. मागच्या बाकावर बसा, मोबाइल बंद ठेवा, चित्रीकरण अजिबात करू नका आणि मधेच उठू नका. ती त्यांची उपासना आहे, आपण पाहुणे. मी हिंदू, गळ्यात मंगळसूत्र, पण कोणी वळूनही पाहिलं नाही. शेजारच्या बाईंनी फक्त पुस्तक माझ्याकडे सरकवलं. एक व्यवहाराची गोष्ट : रविवारी बरीच दुकानं आणि खानावळी बंद असतात, तेव्हा दुपारच्या जेवणाची सोय हॉटेलात आधीच सांगून ठेवा.

दुपारी वॉर्ड्स लेकला चक्कर मारा, स्थानिक लोक त्याला नान पोलोक म्हणतात. सरकारची एक योजना आहे, ग्रासरूट्स म्युझिक प्रोजेक्ट नावाची. तिच्यात स्थानिक कलाकारांना मानधन देऊन तळ्याकाठी, पोलीस बाजारात, पर्यटनाच्या ठिकाणी गायला बसवतात. फुकट ऐकायला मिळतं आणि सासूबाईंना बाकावर बसता येईल. तिथेच मला एकदा दुइतारा हे खासी तंतुवाद्य वाजवणारा मुलगा भेटला. वाजवून झाल्यावर मी मिरजेची आहे, आमच्याकडे सतार-तंबोरे बनतात असं सांगितलं, तर त्याने वाद्य सरळ माझ्या मांडीवर ठेवलं. आमच्या तंबोऱ्याला पंढरपूरकडून आणलेला भोपळा लागतो. हा एकाच लाकडातून कोरलेला, पोटावर कातडं ताणलेलं, चार तारा. पूर्वी तारा मुगा रेशमाच्या असत, म्हणाला. त्याची खुंटी घट्ट बसत नव्हती, तर त्याने तिला खडू लावला. सतारमेकर गल्लीत मी नेमकं हेच बघत मोठी झाले, त्यामुळे त्या क्षणी मला एकदम घरी असल्यासारखं वाटलं.

आता वेळेबद्दल. नोव्हेंबरात तिथे साडेचारच्या सुमाराला सूर्य मावळतो आणि गाव लवकर निजतं. दिवसभर हात दाखवला की थांबणाऱ्या काळ्या-पिवळ्या शेअर टॅक्सी रात्री आठनंतर दिसेनाशा होतात. मला भीती कधी वाटली नाही, पण एकदा कार्यक्रम उशिरा सुरू झाला आणि थंडीत चढावर पाऊण तास चालत घरी आले. सासूबाई असताना हे नको. परतीची गाडी जातानाच ठरवून ठेवा, किंवा मुक्कामच लाइतुमख्रात करा, म्हणजे चालत जाता येईल. शहर सुमारे 1,500 मीटर उंचीवर आहे, आपल्या महाबळेश्वराहूनही उंच, आणि नोव्हेंबरच्या रात्री चांगल्याच गार. गुवाहाटीपासून अंतर 100 किलोमीटर, पण तीन तासांच्या खाली धरू नका. ज्या दिवशी गाणं ऐकायचंय त्याच दिवशी सोहराला जाऊन येण्याचा बेतही करू नका. थकून लोक जेवतात आणि झोपतात. सोहरा सोमवारी ठेवा.

आणि ऐकताना तिथले लोक ऐकतात तसं ऐका. सप्टेंबरातली एक शनिवारची रात्र सांगते. कॅफेचं छप्पर पत्र्याचं, आणि पाऊस असा कोसळला की गिटार ऐकू येईना. आपल्याकडे कार्यक्रम थांबला असता. त्या गाणाऱ्या मुलीने माईक खाली ठेवला, टेबलांच्या मधे येऊन उभी राहिली आणि एक जुनं इंग्रजी गाणं उघड्या गळ्याने सुरू केलं. दुसऱ्या ओळीला कोपऱ्यातल्या टेबलावरून खालचा सूर आला, मग खिडकीपाशी बसलेल्या दोघींनी वरचा उचलला. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. स्वयंपाकघरातला आचारी झारा हातात धरून दारात उभा राहून गात होता. गाणं संपलं तेव्हा पत्र्यावरचा पाऊस तसाच चालू होता, आणि लोक परत आपापल्या ताटाकडे वळले.

टेबल सांगताना खिडकीजवळचं मागू नका, तिथे वारा लागतो. गाणाऱ्यांच्या बाजूचं, पण स्पीकरच्या तोंडासमोर नसलेलं मागा. सासूबाईंना शाल घ्यायला सांगा. गाणाऱ्यांपुढे डबा ठेवलेला असला तर त्यात पैसे त्यांच्याच हाताने टाकायला लावा, आणि त्यांना एखादी ओळ गुणगुणावीशी वाटली तर अडवू नका.